ताडपत्रीची बाही आणि लोकरीच्या दोन पट्ट्या

मंडळी, आधी एक कबुली देतो. या सदरातले अनुभव मी गेली कितीतरी वर्षं नेमाने वाचतोय, पण हसण्यासाठी. कुणी लिहायचं की बंद खोलीत कुणीतरी छातीवर बसलं, की मी लगेच खाली कमेंट टाकायचो — "रात्री जेवण हलकं घ्या." कुणाला पायऱ्यांवर पावलं ऐकू आली की मी लिहायचो, "घुशीचा बंदोबस्त करा." तुमच्यातल्या काही जणांनी मला त्यावरून शिव्याही घातल्यात. रास्त होत्या. आज तोच माणूस इथं लिहायला बसलाय, तेव्हा आता तुमची पाळी... घ्या हसून!

माझं नाव दत्ता. वय पन्नाशीच्या पुढे. परतूरहून आष्टीकडे जाताना साधारण अर्ध्या वाटेवर उजव्या हाताला एक फाटा लागतो, त्याने आत गेलं की आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर उद्या रील काढणारे हजर होतील. गावाबाहेर माळावर एक जुनी धावपट्टी आहे. सरकारी कागदावर ती विमानतळ, आमच्या बोलण्यात नुसती 'पट्टी'. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, इकडे निजामाचं राज्य असताना, लष्करासाठी ती बांधली असं जुनी माणसं सांगत. पट्टी पूर्व-पश्चिम आहे. पश्चिमेच्या टोकाला ज्या खदानीतून पट्टीचा दगड काढला ती खदान अजून तशीच आ वासून पडलीय. लष्कराची दारूगोळ्याची एक कोठी आहे, तिच्यात आता साळिंदरं राहतात. बाकी एक पत्र्याची शेड, दोन खोल्यांचं ऑफिस, आणि मी — देखभालीचा माणूस. गवत कापणे, कुत्री हाकलणे, विमान यायच्या आधी मोटारसायकलवरून पूर्ण पट्टी फिरून दगड-काटे उचलणे, हे माझं काम. महिन्यातून दोन-चारदा फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमानं येतात, निवडणुकीत एखादं हेलिकॉप्टर. तेवढंच.

इथं टॉवर वगैरे काही नाही. पायलट वरून एक चक्कर मारतो, खाली वाऱ्याची बाही बघतो आणि कुठून उतरायचं ते ठरवतो. बाही म्हणजे खांबावर लावलेली ती नारिंगी कापडी नळी — वाऱ्याने फुगते आणि दिशा दाखवते. विमान कायम वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं. जोराचा वारा पाठीमागून आला तर ते थांबता थांबत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आमची बाही उन्हाळ्याच्या तोंडाला फाटली. नवी मागवली, ती काही येईना. मी म्हटलं, आपणच करू. गावातल्या टेलरला मापं दिली आणि कापड दिलं ताडपत्रीचं... नारिंगी, एक नंबर टिकाऊ! दरवर्षी फाटते म्हणजे काय, दहा वर्षं हलायला नको असा माझा हिशोब. आणि खरंच हलली नाही. ताडपत्री इतकी जड आणि ताठ, की जोराच्या वाऱ्याने एकदा जिकडे वळेल तिकडेच राहायची. पण तेव्हा मला ते कळलं नव्हतं. उलट मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवत होतो.

आता आमच्या आजाबद्दल सांगतो. आम्ही मेंढपाळ. आजा या माळावर मेंढरं चारायचा. लष्कर आलं, माळ गेला, पण साहेबांनी आजाला कामाला ठेवलं. त्याचं काम एकच. विमान यायच्या वेळेला पट्टीच्या टोकाशी जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या दोन पट्ट्या अंथरायच्या, एक उभी आणि तिच्या टोकाला एक आडवी. वरून बघणाऱ्याला कळायचं की उभ्या पट्टीवरून आडवीकडे तोंड करून उतरायचं, कारण वारा तिकडून आहे. साहेबांकडे वारा मोजायची यंत्रं होती, आजाकडे मेंढरं. वारं सुटायच्या बेतात असलं की मेंढरू वाऱ्याकडे शेपूट करतं आणि मान खाली घालून उभं राहतं. आजाचा नियम होता — शेपूट जिकडं, आडवी तिकडं. आमच्या घरात तो अजून म्हणीसारखा वापरतात. लग्नाच्या मांडवाला दार कुठं ठेवायचं, इथपासून.

लष्कर गेलं, कापड घेऊन गेलं. आजाने मग पांढरी लोकर जमवून तशाच दोन पट्ट्या विणून घेतल्या. आमच्याकडे मेंढरं बहुतेक काळी, त्यामुळे पांढरी लोकर जमवायला त्याला दोन वर्षं लागली म्हणे. दसऱ्याला लोक अवजारं पुजतात, आमच्यात लोकर कातरायची कातर आणि या पट्ट्या पुजायच्या. मग पट्टीवर जाऊन मेंढरांच्या शेपट्या बघून घटकाभर अंथरायच्या. आजाला मी पाहिलेला नाही, मी जन्मायच्या आधीच तो गेला. पण वडिलांच्या वेळचं आठवतं. वाऱ्याने पट्ट्या उडू नयेत म्हणून आम्ही पोरं कोपऱ्यांवर बसायचो, आणि जो उठेल त्याला सोनं मिळायचं नाही! वडील गेल्यावर मी तो प्रकार बंद केला. नोकरी पट्टीवरच, वर साहेब लोकांचं येणं-जाणं... त्यात मी मेंढरांच्या शेपट्या बघत फिरू? पट्ट्या गुंडाळल्या, डांबरगोळ्या टाकून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या आणि आईच्या ट्रंकेत ठेवून दिल्या. तीन वर्षं झाली. ट्रंकेला कुलूप, किल्ली आईच्या गळ्यात. ती किल्ली अंघोळीलाही काढत नाही.

शीतल ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. पायलटचं शिक्षण घेतेय. लहानपणी सुट्टीला आली की माझ्या मोटारसायकलच्या टाकीवर बसून पट्टीभर फिरायची, तेव्हाच तिच्या डोक्यात ते शिरलं. म्हणजे पाप माझंच. स्कॉलरशिप मिळाली, क्लबात गेली, पण तिचे वडील, आमचे दाजी, पहिल्यापासून विरोधात. दाजी शेजारच्याच गावचे, अजून मेंढरं राखतात. माणूस कमी बोलणारा. तुझ्या नादानं पोरगी हवेत गेली, असं ते मला दोनदा म्हणाले होते, आणि तिसऱ्यांदा म्हणायची गरज नव्हती. शेवटी ताईने मध्ये पडून तोड काढली. मे महिन्यात शीतल एकटीने विमान घेऊन क्लबातून आमच्या पट्टीवर येणार होती. त्यावर दाजी मला म्हणाले होते, "एकदा माझ्या डोळ्यापुढं उतरव तिला, दत्ता. नीट उतरली तर पुढचं बोलू. न्हाई तर जल्दी स्थळ बघतो अन् मोकळा हुतो."

म्हणजे मंडळी, त्या एका उतरण्यावर पोरीचं पुढचं सगळं आयुष्य होतं. मला आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुपारी साडेचारचा सुमार. क्लबच्या इन्स्ट्रक्टर मॅडम सकाळीच रस्त्याने येऊन थांबल्या होत्या, त्यांच्या हातात रेडिओचा हँडसेट. पश्चिमेचा वारा दुपारभर होता तो आता पडत आला होता. पूर्वेला लांब ढग दिसत होते, पण मे महिन्यात ते रोजच दिसतात. मी शेवटची फेरी मारायला गाडी काढली. पूर्वेच्या टोकापासून पश्चिमेच्या टोकापर्यंत इंच न् इंच बघत गेलो. पट्टी स्वच्छ. पश्चिमेच्या टोकाला, खदानीच्या अलीकडे, तारेच्या कुंपणाबाहेर कोण असेल? दाजी! आदल्या रात्री रागाच्या भरात "म्या बिलकुल येणार न्हाई" असं ताईला ठणकावून सांगितलेले दाजी मेंढरं घेऊन बरोब्बर त्याच वेळी तिथं चारत होते. मला हसू आलं आणि बरंही वाटलं.

पण मेंढरं चरत नव्हती. सगळी एका बाजूला तोंड करून, माना खाली घालून उभी. शेपट्या पूर्वेला.

दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "वारं पूर्वेचं येऊन राह्यलंय."

मी वळून माझ्या बाहीकडे बघितलं. ती ऐटीत पश्चिमेचा वारा दाखवत होती. मी म्हटलं, दाजी, बाही काय म्हणतेय बघा की. मी गाडी वळवली आणि ऑफिसपाशी आलो. तेव्हा मॅडमचा रेडिओ चालू होता. शीतलचा आवाज मी स्वतः ऐकला, दहा मिनिटांत पोचते म्हणाली. मॅडमनी बाही बघून तिला सांगितलं — वारा पश्चिमेचा, हलका, नेहमीसारखी पूर्वेकडून ये. आणि मी तिथं उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं की मॅडम, थोडं थांबा, मेंढरं काही वेगळं सांगतायत. पण नाही म्हणालो. शिकल्या-सवरल्या बाईसमोर मेंढरांच्या शेपट्यांची गोष्ट कशी काढायची, याची मला लाज वाटली. ती लाज आठवली की अजून कानशिलं तापतात.

पाचेक मिनिटांत पूर्वेचा ढग एकदम जवळ आला आणि त्याच्या खाली जमिनीपासून तांबूस धूळ उठलेली दिसली. वळवाचं वारं! मॅडमनी पाहिलं, हँडसेट तोंडाशी नेला. पलीकडून नुसती खरखर. मग तीही नाही. त्या पुन्हा पुन्हा बोलावत राहिल्या आणि तेवढ्यात शीतलचं विमान डोक्यावर आलं. छोटंसं, पांढरं. आता ती पूर्वेकडून उतरणार, वारा तिच्या पाठीत बसणार आणि पट्टी संपली की पुढे खदान. मला सगळं दिसत होतं. मी खांबाकडे धावलो, बाही तरी उतरवावी म्हणून. दोरी ओढतोय, ओढतोय, पण ताडपत्री खांबाला अडकलेली. माझ्या टिकाऊ बाहीने मला तिथं उभ्या आयुष्याला पुरेल एवढं शिकवलं.

आणि विमान वळलं... उलट्या बाजूला! पश्चिमेकडे, खदानीच्या वर गेलं आणि तिकडून पट्टीला तोंड करून खाली येऊ लागलं. मॅडमच्या तोंडून फक्त एवढंच निघालं, "तिला कसं कळलं?"

ती पट्टीच्या टोकावर आली आणि पूर्वेचं वारं धडकलं. शेडचे पत्रे वाजले, ऑफिसची खुर्ची उडाली, माझी टोपी गेली ती गेलीच. पण वारं तिच्या समोरून होतं. विमान हवेत जरा डुललं, थांबल्यासारखं झालं, आणि अलगद टेकलं. अर्धी पट्टीसुद्धा लागली नाही हो! मी वेड्यासारखा नाचत होतो, तोंडात धूळ, डोळ्यांत पाणी. मॅडमनी मला मिठी मारली आणि मग आम्ही दोघेही लाजलो.

वारं पाच-सात मिनिटांत ओसरलं. दाजी कुंपण ओलांडून चालत आले, मेंढरं तशीच सोडून. हे मी त्यांना जन्मात करताना पाहिलं नव्हतं. शीतल उतरून उभी होती. आधी त्यांनी विमानाच्या पंखावर हात ठेवला, दमलेल्या जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग म्हणाले, "पुन्यांदा कवा येणार?"

शीतल म्हणाली, "पुढच्या महिन्यात, आबा."

"येशील तवा सांगत जा. म्या मेंढरं हिकडंच आणत जाईन."

झालं. आमच्या दाजींचं यापेक्षा लांब भाषण मी ऐकलेलं नाही. शीतल त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि ते आकाशाकडे बघत उभे राहिले.

इथपर्यंत अमानवीय काहीच नाही, हे मलाही मान्य. मेंढरांना वारं आधी कळतं. रेडिओचं म्हणाल तर तिच्या हेडफोनची पिन सैल झाली होती, नंतर सापडलं. मी मनात सगळी कारणं लावून मोकळा झालो होतो. तेवढ्यात शीतल माझ्याकडे वळून म्हणाली, "मामा, थँक्यू. तुम्ही पट्ट्या टाकल्यात म्हणून वाचले."

मी म्हटलं, कसल्या पट्ट्या?

"आपल्या दसऱ्याच्या. पश्चिमेच्या टोकाला अंथरल्या होत्या ना, आडवी पूर्वेकडं. वरून इतक्या स्वच्छ दिसल्या! मी म्हटलं, बाही काहीही म्हणो, मामांनी मांडलंय तर वारं फिरलंय. आणि गेरूचे गोटे ठेवले ते बरं केलं, नाहीतर उडाल्या असत्या."

मी गाडीवर बसलो आणि सरळ पश्चिमेचं टोक गाठलं. मुरूम, दोन गवताच्या काड्या. बाकी काही नाही. दाजी मागून आले. मी त्यांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "हितं काय बी न्हवतं, दत्ता. म्या हितंच हुबा होतो."

माझ्या फोनवर व्हिडिओ आहे. विमान वळल्यावर मी दोरी सोडून शूटिंग चालू केलं होतं, ताईला पुढे दाखवावं म्हणून. त्यात विमान पश्चिमेच्या टोकावरून खाली येताना स्पष्ट दिसतं. खाली जमीन कोरी आहे. लांबून काढलंय, हे खरं. पण दाजी तिथून पन्नास पावलांवर होते. मेंढरांचा आकार दिसला असेल म्हणावं, तर मेंढरं काळी आणि कुंपणाबाहेर. लहानपणी पाहिलेलं डोळ्यांपुढं आलं असेल, असं मी शीतललाच सुचवून पाहिलं. ती चिडली. म्हणाली, मामा, मी परीक्षेत नकाशावरचा बारीक टॉवर वरून ओळखते, आणि घरच्या पट्ट्या ओळखणार नाही?

मी म्हटलं, चल घरी. ट्रंक उघडून दाखवतो, म्हणजे तुझं समाधान होईल.

घरी आई दारातच बसली होती. ऐंशी उलटलीय, पण नजर तेज. सगळं ऐकून घेतलं, गळ्यातली किल्ली काढून दिली. मी कुलूप उघडलं. वरचं लुगडं बाजूला केलं. प्लॅस्टिकची पिशवी होती, रिकामी, चपटी. डांबरगोळ्या तिच्यातच. आणि शेजारी दोन्ही पट्ट्या... गुंडाळलेल्या नाहीत! घोंगडीला खोळ घालतात तशी टोकाला टोक दुमडून नीट घडी घातलेल्या. मी उचलायला गेलो तर जड लागल्या. घडी सोडली. आत सहा गोटे होते, मुठीएवढे, गेरू लावलेले. लोकरीला तांबूस मुरूम लागलेला आणि एका कोपऱ्याला सराट्याचे दोन काटे अडकलेले.

शीतल म्हणाली, "हेच."

मी आईला विचारलं, हे गोटे कुठले? आमच्या वेळी तर कोपऱ्यावर पोरं बसायची. आई पुढं सरकली, एक गोटा हातात घेतला आणि पदराने पुसला.

"तुझ्या आजाचे," ती म्हणाली. "म्या नवी आल्ते तवा त्योच अशी घडी घालायचा, आत गोटे ठिवून. म्हनायचा, पट्ट्या उचलल्या की गोटे संगंच असावं, आयत्या वक्ताला कुठं हुडकायचे? त्याला पुरला तवा तुझ्या बापानं मातीत त्याच्या उशाला ठिवले हे. सहाच्या सहा."

मंडळी, मी काय काय तपासलं ते सांगत बसत नाही. कुलूप धड होतं. दुसरी किल्ली कधीच नव्हती. आईलाच भीत भीत विचारलं की तूच तर नाही ना गंमत केलीस, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही आणि भाजीत मीठ घातलं नाही. गोटे तेच आहेत का, हे मी कसं सांगू? मी ते कधी पाहिलेच नव्हते. आणि उकरून बघायची माझी छाती नाही. या सगळ्याला घुशी कारणीभूत आहेत असं कुणाला लिहायचं असेल तर खुशाल लिहा, मी लाईक करीन. माझ्याकडे आज दोन महिन्यांनंतरही दुसरं कारण नाही.

ताडपत्रीची बाही मी दुसऱ्याच दिवशी उतरवली. पातळ कापडाची आली आहे, झुळुकेनेसुद्धा फिरते. तरी फेरी मारताना दाजींची मेंढरं कुठे तोंड करून आहेत ते आधी बघतो, आणि मॅडमना सांगतोही. त्या वहीत लिहून घेतात.

एक मात्र राहिलं. त्या संध्याकाळी शीतल हात-पाय धुवायला गेली तेव्हा मी गोटे गोळा केले. ज्याचे त्याला परत करावेत, सकाळी जाऊन मातीपाशी ठेवून यावेत असं मनात होतं. आईने माझ्या हातातून एकेक काढून घेतला, पुन्हा पट्ट्यांच्या घडीत ठेवला आणि ट्रंकेला कुलूप लावलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "पोरीला अजून लई उतरायचंय. लागतील."